बटन बंद करणाऱ्या खिल्लारे बाई

आमच्या कॉलनीला गेल्या महिन्यात 'हरित वसाहत' म्हणून बक्षीस मिळालं. गेटवर फ्लेक्स लागलाय. पर्यावरण वाचवल्याबद्दल आमचं अभिनंदन चांगल्या पंधरा फुटी प्लास्टिकवर छापलेलं आहे, आणि अंधारात ते दिसायचं राहू नये म्हणून त्यावर दोन हॅलोजन सोडलेत. फ्लेक्सवर तेरा पुरुष आहेत. डावीकडून चौथा मी. या तेरा जणांपैकी एकानंही आयुष्यात आपणहून एक बटन बंद केलेलं नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो, कारण त्यातल्या एकाला मी रोज आरशात बघतो.

ज्या बाईंनी ती बटनं बंद केली, त्यांचा फोटो नाही. त्या गेल्या हिवाळ्यात वारल्या. श्रद्धांजलीचा चौकोन तरी टाका, असं मी सुचवलं तर अध्यक्ष म्हणाले, "जागा कुठंय, सर?"

एका अर्थी बरंच झालं. बाई असत्या तर तो फ्लेक्स उतरवून त्याचं गावाकडच्या घराच्या मातीच्या माळवदावर झाकण केलं असतं.

सुमन खिल्लारे. आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या, मी चित्रकला. शाळेत समोर 'खिल्लारे बाई' आणि पाठीमागं 'मीटरबाई'. कॉलनीत त्या तळमजल्यावर आणि मी दुसऱ्या मजल्यावर. म्हणजे शाळेचे तास आणि घरचे तास मिळून बारा वर्षं मी त्यांच्या तोंडाच्या टप्प्यात होतो. बांध्यानं बुटक्या, सावळ्या. फिक्या रंगाची सुती साडी, उजव्या मनगटावर घड्याळ, काखेत जुन्या साडीची शिवलेली पिशवी. चालायच्या इतक्या भरभर की सोबत चालणारा माणूस अर्ध्या वाटेत काहीतरी विसरल्याचं निमित्त काढून मागं फिरायचा.

शिक्षकांच्या खोलीत कुणी नसताना पंखा चालू दिसला की त्या दारातच थांबायच्या आणि आजूबाजूच्या चार वर्गांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायच्या, "खुर्चीला उकडायलंय का?" पंखा खोली थंड करत नाही, माणसाच्या अंगावरचा घाम वाळवतो, हे त्यांनी आम्हाला किती वेळा सांगितलं असेल. आम्ही मान डोलवायचो आणि पंखा चालू ठेवून चहाला जायचो. भरदिवसा जिन्यात दिवा जळताना दिसला तर त्यांचा प्रश्न वेगळा असायचा. "कोन मेलंय का हितं? दिवा कशाला ठिवलाय?" नवीन लग्न होऊन आलेल्या एका सुनेनं हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती रडत वर गेली. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. जिन्यातला दिवा मात्र त्या मजल्यावर पुन्हा दिवसा लागला नाही.

आमच्या शाळेत ऊर्जा बचत सप्ताह साजरा झाला, तेव्हाची गोष्ट. मुख्याध्यापकांना कार्यक्रम दणक्यात करायची हौस. त्यांनी सभागृहाला माळा लावल्या, स्टेजवर चार मोठे दिवे, दोन कूलर आणि पाहुण्यांच्या मागं लुकलुकणाऱ्या अक्षरांत 'वीज वाचवा, देश वाचवा'. ती अक्षरं मी कापली होती. थर्माकोलची. डिसेंबरची छान सकाळ होती, बाहेर कोवळं ऊन पडलं होतं, आणि आम्ही खिडक्यांना काळे पडदे लावून आत अंधार केला होता, का तर लुकलुक उठून दिसावी.

सरांचं भाषण रंगात आलं होतं. "विद्यार्थी मित्रहो, विजेचा एकेक थेंब," इथवर आले आणि फटकन सगळं गेलं. माळा, माइक, कूलर, अक्षरं, सगळं. पोरांनी हुर्रे केलं. मागच्या बाजूनं एकेक पडदा सरकायला लागला आणि ऊन आत आलं. मेन स्विचच्या पेटीजवळ खिल्लारे बाई उभ्या होत्या.

"बोला सर," त्या म्हणाल्या. "आता दिसायलंय पन आन ऐकू पन येतंय. मी शेवटच्या बाकाजवळ हाय."

मुख्याध्यापकांनी हातातला कागद वरखाली केला. माइक नसला की त्या माणसाकडं सांगण्यासारखं काही नव्हतं, हे सातशे पोरांनी एका मिनिटात पाहिलं. शेवटी बाईच पुढं गेल्या. कूलर चालतो कसा, माठातलं पाणी गार होतं कसं, हे त्यांनी ओला रुमाल एका पोराच्या हाताला गुंडाळून आणि त्यावर फुंकर मारायला लावून सांगितलं. एवढं एकच भाषण त्या शाळेतल्या पोरांना आजही आठवतं. बाईंना मात्र कारणे दाखवा नोटीस मिळाली. त्यांनी नोटिशीच्या पाठकोऱ्या बाजूवर उत्तर लिहून दिलं. कागद वाया जाऊ नये म्हणून.

कॉलनीत आल्यावर तर त्यांना सगळं रानच मोकळं होतं. आमची परभणी उन्हाळ्यात कशी तापते ते इथं राहिलेल्यालाच ठाऊक. एप्रिल-मे महिन्यात नळ सोडला की गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हात पोळेल इतकं कढत येतं. तरी आमच्या इमारतीत सकाळी चार घरांचे गीझर चालू. सवय! अध्यक्ष लोमटे साहेब तिसऱ्या मजल्यावर राहत. ठेकेदार माणूस, आवाज मोठा. त्यांनी कपडे वाळवायचं मशीन आणलं. परभणीत! जिथं दोरीवर टाकलेली चादर टाकणारा खाली उतरेपर्यंत कडक होते, तिथं या गृहस्थानं विजेवर कपडे वाळवायला सुरुवात केली. बाईंनी जिन्यात त्यांना गाठलं. "साहेब, सूर्याचं काय बिल थकलंय का तुमच्याकडं?" लोमटे हसले. त्यांना वाटलं, बाई गंमत करायलीय.

एसी अठरावर लावायचा आणि अंगावर रजई घ्यायची, ही आमच्याकडची नवी श्रीमंती. माझ्याही घरी तेच. आमच्या हिनं मे महिन्यात पेटीतली रजई काढलेली बाईंनी गॅलरीत पाहिली आणि खालूनच ओरडल्या, "पवार सर, थंडी वाजायलीय का? काश्मिरात बदली झाली का काय?" सगळी कॉलनी हसली. त्या दिवशी मला त्यांचा भयंकर राग आला. दुपारी एसी चोवीसवर केला आणि त्याला जोडून पंखा हळू लावला. गारवा तेवढाच आला. त्यामुळं रागात भरच पडली.

बाईंच्या मागं लोक जे बोलत ते मी इथं गाळणार नाही. लोमटे वहिनी एकदा जिन्यात उभ्या राहून शेजारणीला म्हणाल्या, "त्यांना सवयच असते हो असं राहायची." 'त्यांना' म्हणजे कुणाला, ते सांगायची गरज नव्हती. बाईंच्या हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो होता आणि तो दारातून दिसायचा. बाई त्याच वेळी खालच्या पायरीवर भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या.

"सवय न्हाई वहिनी, अक्कल हाय," त्या म्हणाल्या. "सवय तर तुमाला लागलीय."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या माझ्या खोलीत आल्या. मी काही विचारलं नव्हतं. रंगाच्या बाटल्या सरकवून टेबलाच्या कोपऱ्यावर बसल्या आणि ताडकळसजवळच्या आपल्या गावाबद्दल बोलल्या. एरवी त्या स्वतःबद्दल कधी बोलत नसत.

"गावात लाईट आली तवा मी चौथीत होते, सर. खांब वरच्या आळीपर्यंत गेले. आमच्या बौद्धवाड्यापर्यंत यायला तार कमी पडली म्हने. मी दहावी झाले तवा तार सापडली. सहा वर्सं आमी तो उजेड लांबून बघितला. माझी माय म्हनायची, तिकडं नको बघू, डोळे दिपतेत. आता माझ्या हातात बटन हाय. ते कधी दाबायचं आन कधी न्हाई, हे मी ठरविनार. ही काय माझी गरिबी न्हाई."

घंटा झाली. जाताना त्यांनी माझ्या खोलीचा पंखा बंद केला. मी आतच बसलेला होतो.

आता कडुलिंबाची गोष्ट. आमच्या इमारतीच्या पश्चिमेला, बाईंच्या खिडकीला लागून, मोठा कडुलिंब आहे. त्याच्याखाली गाड्या लागतात. त्याची पानं गळतात आणि त्यावर पक्षी बसतात, एवढाच त्याचा गुन्हा. हरित वसाहतीच्या स्पर्धेचं पत्रक पहिल्यांदा आलं तेव्हा लोमटे साहेबांनी बैठक बोलावली आणि सुशोभीकरणाची योजना मांडली. झाड काढायचं, तिथं फरशीचे ठोकळे बसवायचे, सौर दिव्यांचे खांब लावायचे आणि कंपाउंडच्या भिंतीवर झाडांची चित्रं काढायची. चित्रं मी काढायची. माझं नाव त्यांनी आधीच कागदावर घातलं होतं.

बाई उभ्या राहिल्या. "हिरवं दिसावं म्हनून हिरवं तोडायलाव?" त्यांनी विचारलं. "ही झाडाची सावली हाय म्हनून पश्चिमेच्या सहा घरांच्या भिंती तापत न्हाईत. झाड गेलं की सहा एसी वाढतेत. आपला ट्रान्सफॉर्मर आताच रडायलाय. मग?"

"बाई, ट्रान्सफॉर्मर मोठा मागवू," लोमटे म्हणाले. "तुम्ही प्रत्येक गोष्टीत आडव्या येता."

बाई माझ्याकडं वळल्या. "सर, तुमी सांगा. तुमचं घर त्याच बाजूला हाय."

मला माहीत होतं. मे महिन्यात माझ्या बेडरूमची भिंत हाताला गार लागायची ती त्याच झाडामुळं. पण लोमट्यांच्या ओळखीनं माझ्या मुलाचं एक काम व्हायचं होतं, आणि बैठकीत सगळे एका बाजूला होते. मी चपलेकडं बघत राहिलो.

"चित्रात मानसं लय ताठ काढता, सर," बाई म्हणाल्या. "कोनाला बघून शिकलाव?"

ठराव मंजूर झाला. पुढच्या महिन्यातल्या शेवटच्या गुरुवारी झाड कापणारे येणार होते.

त्या गुरुवारच्या दोन दिवस आधी, मंगळवारी दुपारी दीडच्या सुमारास, कोपऱ्यावर मोठा आवाज झाला आणि काळा धूर निघाला. ट्रान्सफॉर्मर जळाला. मेचा शेवट, लू चालू होती, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. पंधरा मिनिटांत इमारत भट्टी झाली. आम्ही एसीचा गारवा टिकावा म्हणून गॅलऱ्या काचांनी बंद करून घेतल्या होत्या. कित्येक खिडक्या उघडतच नव्हत्या. लोमट्यांच्या तर सगळ्याच. शहाणी माणसं आम्ही. घराला श्वास घ्यायची जागा ठेवली नव्हती.

थोड्या वेळानं वरून लोमटे वहिनींचा आरडाओरडा ऐकू आला. साहेब कामावर होते आणि घरात त्यांची आई, आक्का, ऐंशीच्या पुढच्या, गरम तव्यासारखं अंग होऊन पडल्या होत्या. बोलत नव्हत्या. मी आणि शेजारचे एकजण वर धावलो. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आक्कांना खाली आणलं. वहिनी गाडीची किल्ली शोधत होत्या. "गाडीत ठेवा, गाडीत एसी आहे!" गाडी सकाळपासून उन्हात उभी होती.

तळमजल्यावर बाई आडव्या आल्या. "त्या भट्टीत घालता का म्हातारीला? हिकडं आना." आणि दार पूर्ण उघडलं.

वहिनी उंबऱ्याशी थबकल्या. एक क्षणच, पण दिसण्याइतका. बाईंनी तो पाहिला.

"तुमाला वाटलं तर तुमी भाईर थांबा," त्या म्हणाल्या. "तिला आत येऊ द्या."

आम्ही आत गेलो. वहिनीही आल्या. आणि आत पाय ठेवल्यावर मला कळलं की इतक्या वर्षांत मीही या घरात पहिल्यांदाच आलो होतो. बोलावणं दोनदा आलं होतं. दोन्ही वेळा माझं काहीतरी काम निघालं होतं.

खोलीत अंधार होता आणि गारवा होता. पश्चिमेच्या खिडकीला वाळ्याचा पडदा, त्यावर पाणी मारलेलं. बाहेर झाडाची सावली. कोपऱ्यात ओलं गोणपाट गुंडाळलेला रांजण. बाईंनी आक्कांना जमिनीवर आडवं केलं, साडी सैल केली, अंगावर ओली चादर टाकली, मानेला आणि काखेत ओले फडके ठेवले. मला हातपंखा दिला. "सर, हात चालवा. ह्याला बटन न्हाई." वहिनींना म्हणाल्या, "फोन लावा, अँब्युलन्स बोलवा. दवाखान्यात न्यायचंच हाय. तवर अंगातली आग उतरू द्या. आन पानी पाजू नका, शुद्धीवर नसताना ठसका लागंल."

त्या बोलत होत्या नेहमीसारख्याच खरखरीत आवाजात, पण हात वेगळे चालत होते. आक्कांच्या कपाळावरून हात फिरवताना त्या पुटपुटत होत्या, "उठ गं माय, उठ." इतका मऊ आवाज त्यांच्याकडं आहे हे मला माहीत नव्हतं.

मी किती वेळ वारा घालत होतो कोण जाणे, हात भरून आले. आक्कांनी डोळे उघडले. नीट बसवल्यावर बाईंनी वाटीनं घोट घोट पाणी दिलं.

"लय गार हाय गं," आक्का म्हणाल्या. "कोन्तं मशीन घेतलंस?"

"मातीचं हाय, आक्का."

वहिनी भिंतीला टेकून रडत होत्या. अँब्युलन्स आली, आक्का गेल्या आणि तिसऱ्या दिवशी धडधाकट परत आल्या.

ट्रान्सफॉर्मर यायला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत अख्खी कॉलनी कडुलिंबाखाली बसून होती. खुर्च्या, सतरंज्या, पत्त्यांचा डाव, भिजवलेल्या डाळीच्या पातेल्या, मोबाइल मेलेला म्हणून एकमेकांशी बोलणारी माणसं. गाड्या उन्हात उभ्या केल्या होत्या. त्यांना कुणी विचारत नव्हतं. गुरुवारी ठरल्याप्रमाणे झाड कापणारे मशीन घेऊन आले तर बुंध्याशी चाळीस माणसं. मधोमध लोमटे साहेब, बनियनवर, भिजवलेला पंचा डोक्यावर.

"आज नको," ते खालच्या आवाजात म्हणाले.

खिडकीतून बाईंचा आवाज आला. "आज नको म्हंजे उद्या का?"

"नाही बाई. राहू द्या झाड."

"जोरात सांगा. मशीनवाल्याला ऐकू गेलं न्हाई."

साहेबांना ते पुन्हा, जोरात सांगावं लागलं.

आक्का वाचल्या म्हणून बाई कॉलनीच्या लाडक्या झाल्या, असं काही घडलं नाही. लोकांना उपकार पचत नाहीत. पुढच्या वर्षभरात गच्चीला चुना मारला गेला, टाकी वाहायची थांबावी म्हणून बॉल कॉक बसला, जिन्यात माणूस आला तरच लागणारे दिवे आले, दोऱ्या बांधल्या गेल्या. सगळं बाईंनी वहीच्या पानावर लिहून दिलेलं, आणि सगळं 'लोमटे साहेबांच्या संकल्पनेतून'. मी एकदा चिडून त्यांच्यापाशी बोललो. त्या म्हणाल्या, "नाव कुनाचं का आसंना. टाकी व्हायची थांबली न?" मग माझ्याकडं रोखून पाहत, "आन तुमी हे मला सांगायलाव. बैठकीत सांगायचं."

वहिनींनी मात्र एकदा पुरणपोळ्या पाठवल्या. प्लास्टिकच्या डब्यात, वर चकचकीत कागद. बाईंनी पोळ्या ठेवून घेतल्या, डबा आणि कागद परत पाठवला आणि निरोप दिला की पुढच्या खेपेला ताटात द्या. पुढच्या सणाला वहिनी स्वतः ताट घेऊन खाली आल्या, पदरानं झाकून. त्या दिवशी त्या बराच वेळ आत बसल्या होत्या. काय बोलल्या कुणास ठाऊक.

निवृत्तीनंतर वर्षभरातच बाईंची धाकटी बहीण गावाकडं अंथरुणाला खिळली. तिला बघणारं कुणी नव्हतं. बाईंनी घर विकलं आणि निघाल्या. नव्या मालकानं आठ दिवसांत खिडकीचा वाळा काढून दोन एसी बसवले. बाई गावीच राहिल्या, बहिणीच्या मागं दोन वर्षं जगल्या. मी भेटायला जाईन जाईन म्हणत राहिलो. गेलो नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते परभणीच्या बस स्टँडवर, त्या निघाल्या त्या दिवशी. सामान आधीच गेलं होतं. मी एक पिशवी धरायला म्हणून सोबत गेलो. पालमची गाडी फलाटाला लागलेली, ताडकळसवरून जाणारी. सुटायला वेळ होता. चालक खाली उभा राहून तंबाखू मळत होता आणि गाडीचं इंजिन धडधडत होतं. मागं शाळेच्या पोरी धुरात तोंडाला ओढण्या लावून उभ्या होत्या.

बाई आत चढल्या नाहीत. चालकाकडं गेल्या. "भाऊ, इंजिन बंद करा. पोरी खोकायल्यात."

"मावशी, स्टार्टर गेलाय. बंद केली तर चालू व्हायची न्हाई."

"मंग दुरुस्त करा. धूर पोरींनी का खायचा?"

चालकानं त्यांच्याकडं पाहिलं. मला त्याची कीव आली. मी त्या नजरेपुढं बारा वर्षं काढली होती. तो वर चढला आणि त्यानं इंजिन बंद केलं. स्टँडवर एकदम शांत झालं. पोरींनी ओढण्या खाली केल्या.

वेळ झाली. चालकानं किल्ली फिरवली. गाडी नुसती खाकरली. पुन्हा फिरवली. काही नाही. आतून लोकांचा आवाज वाढला. "त्या म्हातारीनं बंद करायला लावली!" "उतरा आता, मारा धक्का!" वाहकानं सगळ्या पुरुषांना खाली बोलावलं.

बाई खिडकीशी बसल्या होत्या. त्या उठल्या, खाली उतरल्या, पदर कमरेला खोचला आणि गाडीच्या मागं जाऊन पत्र्याला दोन्ही हात लावले. "मावशी, तुमी ऱ्हाऊ द्या," एकजण ओशाळून म्हणाला.

"म्या बंद करायला लावली," बाई म्हणाल्या. "म्या ढकलनार."

मी पिशवी खांद्याला अडकवली आणि त्यांच्या शेजारी हात लावले. त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. "जोर लावा, सर," एवढंच म्हणाल्या. गाडी हलली, रेंगाळली, आणि गेटाजवळ गचका देऊन चालू झाली. बाई पदर सोडत, धापा टाकत पळाल्या, मी मागून पिशवी आत फेकली, वाहकानं त्यांना हात देऊन वर घेतलं. घंटी वाजली. मागच्या काचेतून मला दिसलं, त्या बसायच्या आधी चालकाच्या जाळीपाशी उभ्या राहून त्याला काहीतरी सांगत होत्या, आणि तो मान डोलवत होता.